डीएडब्ल्यूसोबत सॅम्पलर यायलाच हवा का?

षड्जपंचम:

म्युझिक प्रॉडक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे डीएडब्ल्यूमध्ये (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन), दोन तऱ्हा दिसतात. रीपर किंवा आर्डर बसवलं की ट्रॅक, मिक्सर, इक्यू, कंप्रेसर सगळं हाताशी येतं. पण मिडी ट्रॅक (यात आवाज नसतो, कुठली की किती जोरात दाबली एवढीच नोंद) घेऊन कीबोर्डची की दाबली तर पियानो काही वाजत नाही, तो दुसरीकडून आणावा लागतो. उलट लॉजिक प्रो, क्यूबेस, एबलटन लाइव्ह सूट यांच्यासोबत सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे सॅम्पल्स, कीबोर्डवर वाजवणारं साधन) आणि भरपूर वाद्यं येतात. लॉजिकचा सगळा साठा उतरवला तर ५० जीबीच्या वर जागा जाते.

सॅम्पलर हा डीएडब्ल्यूचा भाग मानायचा, की ते काम वेगळ्या प्लगइनवर (डीएडब्ल्यूला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) सोडलेलं बरं? गरज तीनच गोष्टींची आहे: एक बरा पियानो, एक ड्रम किट, आणि स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डवर पसरवून वाजवणं. रॅम ८ जीबी, आवाज ठेवायला साधी हार्ड डिस्क. नुसतं "हवा" किंवा "नको" यापेक्षा कारणं आणि आकडे मिळाले तर निवड करता येईल.

अनुनाद:

हवाच. पण इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते आहे. सॅम्पलर हे यंत्र, लायब्ररी हा त्यात भरायचा माल. यंत्र डीएडब्ल्यूसोबत आलंच पाहिजे. माल ज्याचा त्याने निवडून उतरवावा. यंत्र जेमतेम काही एमबीचं असतं, जागा खातो तो माल.

यंत्र आतच का हवं? टाइमलाइनवरचा ऑडिओचा तुकडा उचलायचा, सॅम्पलरवर टाकायचा आणि लगेच कीबोर्डवर वाजवायचा, हे काम दहा सेकंदांचं आहे. क्यूबेसमध्ये आवृत्ती ९ पासून सॅम्पलर ट्रॅक आहे, लाइव्हमध्ये सिम्पलर, लॉजिकमध्ये २०२० च्या १०.५ पासून क्विक सॅम्पलर. हेच बाहेरच्या प्लगइनने करायचं तर तुकडा एक्सपोर्ट करा, फाईलला नाव द्या, प्लगइनमध्ये उघडा, मूळ सूर सांगा. शिवाय ती फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर राहिली तर पुढच्या वेळी "सॅम्पल सापडत नाही" हा संदेश ठरलेला.

सुरुवातीला हे सगळीकडे असं नव्हतं. लॉजिकचा ईएक्सएस२४ आधी वेगळा विकला जायचा. ॲपलने २००२ मध्ये इमॅजिक कंपनी घेतली आणि २००४ च्या लॉजिक प्रो ६ मध्ये तो आत आला. तिथून पुढे सॅम्पलर हा इक्यूसारखाच घरचा भाग झाला, आणि ते योग्यच झालं.

मात्र "सॅम्पलर समाविष्ट" एवढ्या ओळीवर भुलू नका. लाइव्हच्याच उदाहरणात सिम्पलर एका वेळी एकच सॅम्पल घेतो. अनेक झोन (कींचे पट्टे, प्रत्येकाला वेगळं सॅम्पल) आणि व्हेलॉसिटीचे (की किती जोरात दाबली त्यानुसार) थर हवे असतील तर सॅम्पलर नावाचं वेगळं इन्स्ट्रुमेंट लागतं आणि ते सूटमध्येच मिळतं. तुमच्या तीन गरजांसाठी किमान एवढं तपासा: की आणि व्हेलॉसिटीनुसार झोन, क्रॉसफेडसह लूप (जोड एकमेकांत मिसळून तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवणं), राउंड रॉबिन (एकाच सुराची वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज आळीपाळीने वाजवणं), आणि चोक ग्रुप (एक आवाज वाजला की दुसरा तोडणं). चोक ग्रुप नसेल तर बंद हाय-हॅट वाजवल्यावरही उघड्या हाय-हॅटचा आवाज मागे लोंबत राहतो आणि किट खोटं वाटतं.

तारसप्तक:

अनुनाद यांच्याशी अर्धाच सहमत. सॅम्पलर आत असण्याला हरकत नाही, पण त्यात बांधलेलं वाद्य कुठल्या स्वरूपात साठवलं जातं, हा खरा प्रश्न आहे आणि विकत घेताना तो कुणी विचारत नाही.

महिनाभर बसून ४० आवाजांचं वाद्य बांधलं आणि ते फक्त त्याच डीएडब्ल्यूत उघडणार असेल, तर सॉफ्टवेअर बदलायच्या दिवशी डब्ल्यूएव्ही फाईली तेवढ्या हातात राहतात. कुठला आवाज कुठल्या कीवर, लूप कुठून कुठे, रिलीज (की सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) किती, हे सगळं पुन्हा करायचं. म्हणून मेहनतीचा मॅपिंगचा भाग एसएफझेड या फाईल-स्वरूपात ठेवावा. ती साधी मजकुराची फाईल आहे, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, आणि ती वाजवणारे स्फोर्झांडो व स्फिझ दोन्ही फुकट मिळतात. बिटविग या डीएडब्ल्यूनेही चांगली वाट निवडली आहे: त्याची मल्टिसॅम्पल फाईल म्हणजे झिप, आत डब्ल्यूएव्ही आणि एक्सएमएल. उघडून बघता येते.

कॉन्टॅक्ट या सॅम्पलर प्लगइनबद्दलही एक गैरसमज दूर करतो. कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे, पण प्लेअरसाठी परवाना घेतलेल्या लायब्रऱ्याच त्यात बिनअडथळा चालतात. बाकीच्या १५ मिनिटांनी बंद पडतात. लायब्ररी उतरवण्याआधी तिला पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो का, एवढी ओळ वाचाच.

आणि सॅम्पलर आतला असो वा बाहेरचा, प्रोजेक्ट संपला की प्रत्येक इन्स्ट्रुमेंट ट्रॅक ऑडिओ करून ठेवा. सगळे ट्रॅक पहिल्या मात्रेपासून सुरू, शेवटी ८-१० सेकंद शेपूट, इफेक्टसह एक आणि इफेक्टविना एक. प्लगइन राहिला नाही तरी गाणं राहतं.

गमक:

रीपरबद्दल थोडी दुरुस्ती. त्यात सॅम्पलर आहे, री-सॅम्पलोमॅटिक ५००० नावाचा. फक्त एका इन्स्टन्सला (उघडलेल्या एका प्रतीला) एकच की-रेंज आणि एकच व्हेलॉसिटी-रेंज असते. ड्रम किटला हे उत्तम: एक इन्स्टन्स किकला, एक स्नेअरला, प्रत्येकाला वेगळं आउटपुट. पियानोला मात्र हे झेपत नाही. हिशोब बघा. ८८ की, दर तीन कींमागे एक सॅम्पल म्हणजे ३० झोन. व्हेलॉसिटीचे ४ थर धरले तर १२० इन्स्टन्स. तिथे एसएफझेडच हवं.

री-सॅम्पलोमॅटिकमध्ये दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. "ओबे नोट-ऑफ्स" सुरुवातीला बंद असतं, त्यामुळे की सोडली तरी आवाज शेवटपर्यंत वाजतो. ड्रमला ते बरोबर, सुराच्या वाद्याला चूक. दुसरं, झोन मिडी नोट ५९ ते ६१ असा असेल आणि सॅम्पलचा मूळ सूर ६० असेल, तर "पिच ॲट स्टार्ट" उणे १ द्यायचं. शून्य राहिलं तर सगळा झोन अर्ध्या स्वराने चढा वाजतो.

आता स्वतःचे आवाज एसएफझेडमध्ये कसे बसवायचे ते. फाईलमधले शब्द रोमन लिपीत लहान अक्षरांतच लिहायचे असतात, इथे उच्चाराने लिहितो. प्रत्येक आवाजाला एक "रीजन" आणि त्यात सहा गोष्टी: "सॅम्पल" म्हणजे फाईलचा पत्ता, "लोकी" आणि "हायकी" म्हणजे खालची व वरची की, "पिच-कीसेंटर" म्हणजे मूळ सूर (मधे जोडरेघ नाही, अंडरस्कोर), आणि थर असतील तर "लोव्हेल" व "हायव्हेल". चार थरांसाठी १–४०, ४१–७५, ७६–१०५, १०६–१२७ ही चांगली सुरुवात आहे. १२७ चे सरळ चार समान भाग करू नका. जोराच्या बाजूला वाद्याचा पोत भरभर बदलतो, म्हणून वरचे पट्टे अरुंद ठेवलेले बरे.

रिलीज स्वतः लिहा. न लिहिल्यास तो जवळपास शून्य धरला जातो आणि की सोडताना टक्क असा आवाज येतो. पियानोला ०.३ सेकंदापासून सुरू करून कानाने ठरवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो "अँप-व्हेलट्रॅक" मध्ये, म्हणजे व्हेलॉसिटीनुसार आवाज किती बदलायचा त्या मूल्यात. तो न लिहिता १०० असतो आणि व्हेलॉसिटी ६४ ला आवाज सुमारे १२ डीबीने खाली आणतो. सगळी सॅम्पल्स एकाच पातळीला नॉर्मलाइझ केलेली असतील तर हे ठीक. पण मूळ रेकॉर्डिंगमधला हळू-मोठा फरक तसाच राखला असेल तर तो फरक दोनदा लागतो, आणि हळू वाजवलेले सूर ऐकूच येत नाहीत. तेव्हा ते मूल्य २० ते ४० च्या आसपास आणा.

एका सॅम्पलला किती ताणायचं? तीन अर्धस्वर वर नेलं की वेग १.१९ पट होतो, सात अर्धस्वर नेलं की जवळजवळ दीडपट. सुराबरोबर आघातही आखडतो आणि मानवी आवाजाचे फॉर्मंट (आवाजाचा रंग ठरवणारे पट्टे) सरकतात, म्हणून माणूस लहान मुलासारखा ऐकू येतो. मारलेल्या किंवा छेडलेल्या वाद्याला दोन-तीन अर्धस्वर चालतात. गळ्याला एकाच्या वर जाऊ नका.

लूपचं थोडक्यात: सुरुवात आणि शेवट झिरो-क्रॉसिंगवर (लाट शून्याला छेदते तिथे) असले तरी टक्क येऊ शकतो, कारण लाटेचा उतारही जुळावा लागतो. ५० ते १०० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. दोन्ही टोकांच्या लाटा एका फेजमध्ये (एकत्र चढत-उतरत) असतील तर लिनिअर (सरळ रेषेत बदलणारा), तंतुवाद्यांच्या समूहासारख्या विस्कळीत आवाजाला इक्वल पॉवर (एकूण ताकद सारखी राखणारा). उलट केलं तर जोडावर ३ डीबीची खळगी पडते किंवा तेवढाच फुगवटा येतो.

षड्जपंचम:

गमक, व्हेलट्रॅकचा मुद्दा नेमका लागू पडला. आता एक उपप्रश्न: हार्ड डिस्कवरून मोठा पियानो वाजवताना पेडल दाबून धरलं की चरचर येते आणि मधले सूर गळतात, पण सीपीयू मीटर १५ टक्क्यांवरच असतो. दोष सॅम्पलरचा, की डीएडब्ल्यूचा?

अनुनाद:

दोघांचाही नाही, डिस्कचा. मोठी लायब्ररी पूर्ण रॅममध्ये येत नाही. प्रत्येक सॅम्पलचं नुसतं डोकं आधी भरून ठेवतात आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून ओढतात. १९९८ च्या गिगासॅम्पलरपासून हीच रीत चालत आली आहे.

आकडे मांडू. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२६ एमबी. ८८ की, ८ थर, २ राउंड रॉबिन म्हणजे १,४०८ सॅम्पल्स. प्रत्येकी १० सेकंद धरले तर ३.७ जीबी. प्रत्येकाचं ६४ केबी डोकं रॅममध्ये ठेवलं तर लागतात फक्त ८८ एमबी. पण ६४ केबीमध्ये पाव सेकंदाचाच आवाज मावतो. तेवढ्या वेळात पुढचा भाग डिस्कवरून यायलाच हवा.

पेडल दाबून १० सूर, दोन मायक्रोफोनची रेकॉर्डिंग्ज, दोन थरांचा क्रॉसफेड: ४० व्हॉइस (एकाच वेळी वाजणारे आवाज). डेटा मोजला तर सेकंदाला जेमतेम १०-११ एमबी, तो कुठलीही डिस्क देते. अडचण अशी की हे ४० तुकडे डिस्कवर ४० ठिकाणी आहेत आणि फिरत्या डिस्कचं हेड प्रत्येक उडीला १० मिलिसेकंदांच्या आसपास घेतं. ४० उड्या म्हणजे ०.४ सेकंद. हाताशी ०.२५ आहेत. म्हणून सूर गळतात आणि सीपीयू निवांत दिसतो.

सर्वात आधी सॅम्पलरमधला प्रीलोड (रॅममध्ये आधी भरायचं डोकं) ६४ वरून १९२ केबी करा. रॅम २६४ एमबी लागेल, ८ जीबीत सहज बसतं, आणि हाताशी ०.७५ सेकंद येतात. मग दुसरा मायक्रोफोन बंद करा, व्हॉइस थेट निम्मे होतात. ऑडिओ बफर २५६ वरून १०२४ केल्याने यात काहीच फरक पडत नाही, कारण तो वाढवून मिळतात १७ मिलिसेकंद. शक्य असेल तेव्हा फक्त सॅम्पल्सपुरती एक एसएसडी घ्या, तिथे उडीचा प्रश्नच राहत नाही.

म्हणूनच माझा आग्रह: डीएडब्ल्यूसोबत माल द्यायचाच असेल तर १५०-३०० एमबीचा एक पियानो आणि एक किट, पूर्ण रॅममध्ये मावेल असं द्या. दर तीन कींमागे एक सॅम्पल, ४ थर, १० सेकंद या हिशोबाने पियानो ३२० एमबीत येतो. लांब सूर लूप केले तर २०० च्या आत.

मंद्र:

एक राहिलं. फाईलच्या नावात सी३ किंवा सी४ लिहून मूळ सूर ठरवू नका. मिडी नोट ६० ला यामाहाच्या पद्धतीत सी३ म्हणतात, बऱ्याच ठिकाणी सी४. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेलं की अख्खं वाद्य एक सप्तक खाली किंवा वर सरकतं, आणि नावावरून आपोआप मॅपिंग करणाऱ्या सॅम्पलरमध्ये तर हमखास. नावात ०६० असा आकडाच लिहा.

आणि विंडोजवर बांधलेली एसएफझेड लिनक्सवर गप्प बसली तर फाईलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं आधी तपासा. विंडोज तो फरक मानत नाही, लिनक्स मानतो.