मदत हवी आहे: गाडीचा अपघात लपवून विकली, पैसे परत मिळतील का?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहतो. गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून, मध्ये दलाल नसताना, २०१७ ची गाडी ३ लाख ४० हजारांना घेतली. 'अपघात झालेला नाही' असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलंय. पहिल्याच पावसात डिकीत पाणी साचलं. मेकॅनिकने मॅट उचलली, तर मागचा पत्रा कापून वेल्डिंग केलेलं, आत गंज. बायकोची दोन वर्षांची बचत आहे हो ही.

आता ते फोन उचलत नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्यात, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. विक्रेता व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा उपयोग नाही, पण करार कायद्याच्या कलम १७ आणि १९ खाली फसवणुकीचा व्यवहार रद्द करता येतो, असं वाचलं. आधी वकिलाची नोटीस द्यावी की पोलिसांत जावं? दुरुस्ती केली तर पुरावा जाईल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.