‘वैमानिकाची चूक’ लिहिलं की तपास संपला का?

गोंदूरकर:
धुळ्यात गोंदूरची धावपट्टी, शिरपूरला पायलट घडवणारी शाळा. विमान पडलं की खान्देशात चर्चा रंगणारच. 2021च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डीजवळ शिकाऊ विमान पडून प्रशिक्षक गेले (ती हवाई कसरत नव्हती, आधीच सांगतो). काल कट्ट्यावर 23 जून 1980 निघालं. दिल्लीत संजय गांधी आणि कॅप्टन सक्सेना पिट्स विमानात कसरती करताना गेले. सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: ‘खाली येऊन लूप (हवेत उभं वर्तुळ) मारला, गेले.’ अहो, हा झाला पंचनामा. कारण कुठंय?

एरंडोलचा आबा:
उंची नसताना लूप मारायचं ठरवलं कोणी? ज्याच्या हातात स्टिक (विमान चालवायचा दांडा), त्याची जबाबदारी. उगाच फाटे फोडू नका.

हँगरवाला:
आबा, छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतोच, ढिगाराच वाचावा लागतो. पंख्याची पाती कशी वळली, ओरखडे कोणत्या दिशेने, यावरून आदळताना इंजिन ताकद देत होतं का, ते कळतं. एलेव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीची) केबल धक्क्याने तुटली की आधीच झिजली होती, हे तुटलेलं टोक सांगतं. कोणाचा तरी राहिलेला पाना विमान उलटं झालं की घरंगळतो आणि स्टिकच्या मुळाशी अडकतो. स्टिक मागेच येत नसेल तर माणूस काय करील?
त्यात आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव 44-45ला जातं. हवा विरळ, इंजिन मंद. काट्यावर वेग तोच दिसतो, पण विमान प्रत्यक्षात जास्त वेगात असतं आणि लूपचं वर्तुळ मोठं होतं. थंडीत पुरलेली उंची तेव्हा कमी पडते.

एरंडोलचा आबा:
पाना असेल तर मी गप्प. पण उन्हाचा हिशेब वैमानिकानेच करायचा ना? येरे माझ्या मागल्या! असल्यांवर गुन्हाच दाखल व्हायला हवा.

जळगावचा वकील:
इंग्लंडात तेच झालं. 22 ऑगस्ट 2015, शोरहॅमचा एअर शो, जुनं हंटर जेट. लूपच्या माथ्यावर किमान 3,500 फूट उंची हवी होती, मिळाली सुमारे 2,700. मैदानाबाहेर रस्त्यावरचे 11 जण गेले, वैमानिक वाचला. 2019मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तपास अहवालाने मात्र त्याच्यावर न थांबता आयोजकांनी धोक्याचं मोजमाप कसं केलं, तेही तपासलं. पोलिसांनी जबाब मागितले तेव्हा हायकोर्टाने कॉकपिटचं चित्रीकरण दिलं, तपासकांना दिलेले जबाब नाही दिले. ते उघडे पडले तर पुढच्या वेळी खरं कोण बोलेल? आपला अपघात तपास विभाग 2012पासून आहे. त्याचं कामही पुढचा अपघात टाळणं, दोषी ठरवणं नाही.

तापीकाठ:
भाऊ, बठ्ठं कागदवरच राहस. अकरा घरांना काय सांगायचं, की हा अहवाल कोणाला दोष द्यायला नव्हताच?

जळगावचा वकील:
त्यासाठी पोलीस तपास वेगळा चालतोच की. ढिगारा दोघांनी बघावा. जबाब मात्र एकाच्याच कपाटात राहू द्या.

एरंडोलचा आबा:
पटलं नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे, ते आधी सांगा.

हँगरवाला:
त्याआधी एक करा. विमान पडलं की गर्दी करून तुकडे उचलू नका. आठवण म्हणून घरी नेलेला बोल्टच नेमका हवा असतो.