टॉलरन्सच्या रेषा चार्टवर नकोत

ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच (गिऱ्हाइकाने मापात दिलेली कमी-जास्तची सूट) कंट्रोल चार्टवर (मापं क्रमाने मांडून प्रक्रिया स्थिर आहे का ते दाखवणारा आलेख) मर्यादा म्हणून मारावा, असं काही जण सुचवतात. गडबड तिथेच होते! कंट्रोल लिमिट्स, म्हणजे चार्टवरच्या वरच्या-खालच्या मर्यादा, गिऱ्हाईक ठरवत नाही, प्रक्रियेचेच आकडे ठरवतात. पाच-पाच नगांचे गट घेत असाल तर सरासरीच्या चार्टसाठी एकूण सरासरी अधिक-उणे ०.५७७ गुणिले सरासरी रेंज (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक). (आधी रेंजचा चार्ट स्थिर आहे ना, ते बघा.) टॉलरन्स एकेका नगाला लागतो, चार्टवर मात्र पाचांची सरासरी असते, ती मुळातच कमी हलते. त्यामुळे टॉलरन्सच्या रेषांत सगळं छान दिसतं आणि सेटिंग कधीच सरकलेलं असतं. सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले, तर सगळे मर्यादेत असले तरी मी कारण शोधायला लागतो.