मदत हवी आहे: पार्किन्सन्स, अडखळणारे पाय आणि पखवाजाचा ठेका

नमस्कार मंडळी,

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ७३ वर्षांचे आहेत. पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. त्यावरची लेव्होडोपा ही गोळी चालू आहे. हाताच्या कंपापेक्षा सध्या चालण्याचा त्रास जास्त आहे. उंबरठा आला किंवा वळायचं असलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वरचं शरीर पुढे जातं, पाय मागेच राहतात. दोनदा पडलेत.

दादांनी गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं टाळ धरलाय. मागच्या एकादशीला मंडळ आमच्याकडे आलं होतं. पखवाज सुरू झाला, गजर चढला आणि दादा खुर्चीतून उठून चक्क पावली खेळायला लागले! पाय नीट उचलत होते. घरात कुणालाच बोलायला सुचेना. गजर थांबला आणि दोन पावलांवर पाय पुन्हा अडले.

न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. ते म्हणाले, पाऊल आपोआप पडावं म्हणून मेंदू आतून जी लय पुरवतो, तीच मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झाल्यामुळे बिघडते. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय हलवू शकतो. अमेरिकेत संशोधक मायकल थॉट यांनी १९९६ साली ठेक्यावर चालण्याच्या तीन आठवड्यांच्या घरगुती सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी वाढली. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात हेही वाचलंय, पण साताऱ्याहून नेमाने जाणं आम्हाला जमणारं नाही.

म्हणून घरीच सुरू केलंय. दादांची पावलं मोजली, मिनिटाला साधारण ८४ पडतात. मोबाइलवर तेवढ्याच लयीत ठेका लावते आणि कमरेला हात देऊन सोबत चालते. सरळ पॅसेजमध्ये छान जमतं, वळणावर अजूनही अडतं.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारायचंय, लय कशी ठरवलीत? चालीपेक्षा थोडी जलद लावावी असं वाचलं, पण दादांच्या बाबतीत जलद केली की पावलं आखूड होऊन ते पुढे झुकतात. ज्यांचे पाय असे अडतात त्यांना संथ लयच बरी का? नुसता ठेका चांगला की अभंगही चालतो? अभंग लागला की ते शब्दांत रमतात आणि पायांकडचं लक्ष जातं. शिवाय आवाज फार बारीक झालाय, त्यासाठी बसून मोठ्याने गाण्याचा सराव कुणी करून घेतलाय का?

आणखी एक. सकाळची गोळी लागू पडायला पाऊण तास लागतो आणि नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं असतं. पहाटे साडेपाचला मोबाइल शोधून ठेका लावेपर्यंत ते उठून निघालेले असतात. त्या वेळी मी टाळ्या वाजवत 'एक, दोन' म्हणते. याहून सोपं, त्यांचं त्यांना करता येईल असं काही कुणी वापरलंय का?