सुई टोचली, पेशंट एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) पॉझिटिव्ह, माझा लसीचा तिसरा डोस राहिलेला. आता काय करू?

रात्रपाळी_सिस्टर
काल रात्री पावणेतीनला सिझरच्या पेशंटचं इंट्राकॅथ (सलाइनची सुई-नळी) बदलत होते. तिने हात झटकला आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीत गेली. ग्लोव्ह होता, तरी रक्त आलं. फाइल उघडली तर पहिल्याच पानावर लाल पेनाने ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. बोट साबणाने खूप वेळ धुतलं. जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) पहिल्या वर्षाला लसीचे दोन डोस घेतले होते, तिसऱ्याच्या वेळी परीक्षा होती, तो राहूनच गेला. आता पहिल्यापासून सुरुवात करायची का? मुलगी सात महिन्यांची आहे, अंगावर पिते. सकाळी घरी आल्यापासून तिला पाजलं नाही, नुसती रडतेय. मेट्रनना अजून सांगितलेलं नाही. मागे एका ब्रदरला सुई टोचली तेव्हा निष्काळजीपणाचा मेमो निघाला होता.

फिजिशियन_विदर्भ
ताई, आधी मुलीला पाजा. यासाठी अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही.
मग लगेच हॉस्पिटलला निघा. एचबीआयजी, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांच्या आत घ्यायचं असतं. सात दिवसांपर्यंत देतात, पण जितका उशीर तितका उपयोग कमी. राहिलेला तिसरा डोस त्याच वेळी दुसऱ्या दंडात. कोर्स पहिल्यापासून करायचा नाही, आधीचे दोन डोस फुकट गेलेले नाहीत. दोन्ही इंजेक्शनं बाळाला पाजणाऱ्या आईला चालतात. आजच तुमचं रक्त तपासून ठेवा, सहा महिन्यांनी परत. त्या पेशंटचा एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा रिपोर्टही आजच बघा, एचआयव्हीची औषधं लागलीच तर तीही लवकर सुरू करावी लागतात.

निवृत्त_इन्चार्ज
अगं, मेमोला घाबरून घरी बसू नकोस. लस न घेतलेल्याला अशा सुईतून पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची ०.३ टक्के. तरी आपण एचआयव्हीलाच जास्त घाबरतो. मेट्रनना आत्ताच फोन कर आणि अपघाताची नोंद लेखी करून घे, वेळेसकट. पुढे काही झालं तर तेवढाच कागद तुझ्या बाजूने बोलेल.

मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो आणि सुईला टोपण दोन्ही हातांनी लावायचो. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. कचऱ्याची बादली रिकामी करताना त्यांना सुई लागली. त्यांनी पदराने बोट पुसलं आणि पुढची खोली झाडायला घेतली. मी समोर उभी होते, मीही काही बोलले नाही. तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले. गावी नेऊन नाकात औषध घातलं. परत आणलं तेव्हा त्या असंबद्ध बडबडत होत्या. चौथ्या दिवशी गेल्या. मोठ्या माणसांत बहुतेक जण यातून बरे होतात, त्या झाल्या नाहीत.

त्या वर्षी आम्हा नर्सेसना लस मिळाली. मावशी-मामांची नावं यादीत नव्हती, कारण ते कंत्राटावर. आता २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस द्यायची. तुझ्या वॉर्डातल्या मावशींना विचार, त्यांचे किती डोस झालेत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो, आणि ते डाग पुसायला त्याच जातात.

लॅब_टेक्निशियन
एक भर घालतो. तीन डोस झाले म्हणजे झालं असं धरू नका. माझ्या कार्डावर तिन्ही शिक्के होते, टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, आला ४. निदान १० हवा. परत तीन डोस घेतले, तेव्हा २०० च्या पुढे गेला. एरवी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर करतात, पण तुम्ही एचबीआयजी घेतलंत तर सहा महिने थांबा, नाहीतर बाहेरून आलेल्या अँटिबॉडीच मोजल्या जातील. आणि लस दंडातच घ्या, कमरेवर नको, तिथे ती नीट लागू पडत नाही.

रात्रपाळी_सिस्टर
दुपारी दीडला दोन्ही इंजेक्शनं झाली. पेशंटचे बाकीचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. मेट्रन ओरडल्या नाहीत, स्वतः फॉर्म काढून दिला. आत्ता मुलगी पिऊन झोपलीय. वॉर्डात दोन मावशी आणि एक मामा आहेत, तिघांना विचारलं. मामांचा एक डोस झालाय, मावशींचा एकही नाही. उद्या तिघांची नावं लिहून देणार आहे.