मतपत्रिका आणि सदसद्विवेक

प्रश्न: मी मूळची वसईची कॅथलिक, आता न्यू जर्सीची मतदार. गर्भपात मला पाप वाटतो. पण त्याला विरोध करणारा उमेदवार स्थलांतरितांना हाकलण्याची भाषा करतो, आणि दुसरा उमेदवार गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कर्ता आहे. टपालाने आलेली मतपत्रिका चार दिवस घरातल्या आल्तारापाशी (वेदीपाशी) कोरी पडून आहे. मी काय करावे?

प्रतिसाद १: ताई, सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोन्ही भूमिका जीवनविरोधी असल्याचे सांगून, त्यांतले कमी वाईट कोणते ते प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावे, असे म्हटले होते. मतपत्रिका कोरी ठेवू नका.

प्रतिसाद २: कार्डिनल रॅट्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ मध्ये केलेला भेद मला मोलाचा वाटतो: गर्भपाताला पाठिंबा आहे म्हणून मत देणे वेगळे, आणि तो असूनही तितक्याच गंभीर कारणासाठी मत देणे वेगळे. ते कारण खरोखर तितके गंभीर आहे का, हे मात्र स्वतःला कठोरपणे विचारावे लागते. मला त्याला आठवडा लागला.

प्रतिसाद ३: गर्भपाताचा देशव्यापी हक्क रद्द करणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या निकालानंतर हा विषय मुख्यतः राज्यांकडे गेला आहे, म्हणून राज्य विधिमंडळाचे उमेदवारही तितक्याच बारकाईने पाहा.