मदत हवी आहे: कृष्णवर्णीय विवेकवादी, पाच नावं तातडीने

पाऊलखुणा: परवा फलक छापायला द्यायचाय. देव न मानणारे कृष्णवर्णीय हवेत, पाच तरी. कुठेही शोधा, इंगरसोल, रसेल, डॉकिन्स हे गोरे नास्तिकच पुढे येतात.

गारवेल: कुठल्या देशातले? कधीचे? फलक कुणासाठी?

पाऊलखुणा: अमेरिकेतले, कधीचेही. मुलींच्या वसतिगृहात लावायचाय. गेल्या वर्षीच्या फलकावर सहा चेहरे होते. अकरावीतल्या एकीने त्यांच्यावरून बोट फिरवत विचारलं, "ताई, देव न मानणारे सगळे गोरेच असतात का?" मला उत्तरच देता आलं नाही.

आडवाट: ह्युबर्ट हॅरिसन घ्या. जन्म १८८३, कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्याच्या कडेला उभं राहून भाषणं करायचे. गुलामगिरीला आधार देणारा धर्म आपले लोक का कवटाळतात, हा त्यांचा सवाल. दुसरे ए. फिलिप रँडॉल्फ. रेल्वेतल्या पोर्टरांची युनियन बांधली, देवाशिवाय नीती मांडणाऱ्या १९७३च्या दुसऱ्या मानवतावादी जाहीरनाम्यावर सही केली.

सदाफुली: मार्टिन ल्यूथर किंग राहिले की!

आडवाट: अहो, ते पाद्री होते. प्रश्न नीट वाचा.

सदाफुली: वाचलाय. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरी शहरात बहिष्कार झाला, त्याच्या सभा चर्चमध्येच व्हायच्या. चर्च वगळून नागरी हक्कांची ती चळवळ सांगता येत नाही.

आडवाट: म्हणूनच बाकीचे झाकले गेले. त्याच चळवळीतल्या विद्यार्थ्यांच्या समितीचे (SNCC) जेम्स फोरमन उघड नास्तिक होते, कुणाला माहीत आहेत? १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुखही रँडॉल्फच.

तांबडमाती: सुरुवात आपल्याकडून करा. फुल्यांनी १८७३ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं.

गारवेल: फुले निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानायचे.

तांबडमाती: मी कुठे त्यांना नास्तिक म्हटलं?

रंगारी: फ्लेक्स नको, सनबोर्डवर छापा. भिंतीला चांगला बसतो.

गारवेल: मुलींसाठी फलक आणि नावं सगळी पुरुषांची! लेखिका झोरा नील हर्स्टन घ्या. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी. मी प्रार्थना करत नाही, असं १९४२च्या आत्मचरित्रात सरळ लिहून गेली. आजच्यांपैकी मँडिसा थॉमस, अटलांटा. २०११मध्ये कृष्णवर्णीय नास्तिकांची संघटना काढली. तिकडे चर्च म्हणजे नातीगोती, अडीनडीला धावून येणारी माणसं. ते सोडणारी बाई एकटी पडते. फलकावर हेही लिहा.

पाऊलखुणा: हर्स्टन सगळ्यात वर घेते. पाचही झाले. फोटो?

गारवेल: कार्ल व्हॅन व्हेक्टनने काढलेले हर्स्टनचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. फलक केवढा आहे ते अजून सांगितलं नाहीत.

पाऊलखुणा: तीन बाय चार फूट.